घर कोणाच्या नावावर?

(द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याला घर बांधणे किती अवघड असते हे चांगले ठाऊक असावे. पण बांधून झाल्यावर ते कोणाच्या नावावर चढवायचे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. पडण्याचे कारणही नव्हते. घर बापाचे आणि बापामागे मुलाचे. आई त्यात राहणार आणि मुलगी त्यातून जाणार. इतका सरळ हिशेब होता.

आज तो हिशेब मोडला आहे, पण नवा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. आता घर साठवलेल्या पैशांतून होत नाही, कर्जातून होते. कर्ज पंधरा-वीस वर्षांचे असते. आईवडील कर्ज काढतात तेव्हा चाळिशी ओलांडलेले असतात आणि ते फिटेपर्यंत साठीला येतात. मधल्या काळात मुले कमावती होतात आणि हप्त्याला हात लावतात. मग ते घर कोणाचे? ज्यांनी अर्ज केला त्यांचे, ज्यांनी हप्ते भरले त्यांचे, की ज्यांनी हप्ते भरता यावेत म्हणून घरातला बाकीचा खर्च उचलला त्यांचे? आपल्या महाविद्यालयात सकाळी तासाला बसणारी आणि दुपारी दुकानात, कारखान्यात किंवा शिकवणीत राबणारी मुले-मुली थोडी नाहीत. त्यांच्यासाठी हा पुस्तकी प्रश्न नाही. म्हणून त्यावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करते.

सोलापूरसारख्या गावात या प्रश्नाला एक वेगळे महत्त्व आहे. येथली जुनी गिरणी १८७७ साली निघाली आणि १९६३ साली बंद पडली. गिरण्यांच्या काळात कामगाराच्या डोक्यावरचे छप्पर बहुधा दुसऱ्याचेच असे. खोली चाळीतली, भाडे महिन्याचे, आणि नाव पुरुषाचे. पुढे गिरण्या गेल्या, यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने राहिले, आणि घरोघरच्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत राहिल्या. याच विडी कामगार बायकांनी पुढे घराचा इतिहास बदलला. त्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची कुंभारी येथील दहा हजार घरांची वसाहत गोदावरी परुळेकरांच्या नावाने उभी राहिली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. त्यानंतर त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला गेला, आणि त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थींना मिळाली. दोन वेगवेगळ्या पक्षांचे पंतप्रधान एकाच गावात गरिबाच्या घराची चावी द्यायला येतात, ही गोष्ट लहान नाही. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. पहिल्या वसाहतीतली घरे विडी वळणाऱ्या बाईच्या नावाने झाली. ज्या बाईचे नाव आयुष्यभर फक्त विडी कारखान्याच्या कार्डावर होते, तिचे नाव घराच्या कागदावर आले.

हे एकट्या सोलापुरात झाले असे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितले. १९९२ मध्ये राज्य सरकारने त्याच नावाची योजना आणून सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची वाट मोकळी केली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे असावे, असा दंडक आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीने घर स्वतःच्या नावे विकत घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिले जाते. थोडक्यात, नवऱ्याशेजारी बायकोचे नाव लावायला आपण हळूहळू शिकलो. आईवडिलांशेजारी मुलाचे, आणि विशेषतः मुलीचे नाव कुठे लावायचे, हे मात्र अजून शिकायचे आहे.

माझ्या घराचे उदाहरण नाइलाजाने देते, कारण मला जे म्हणायचे आहे ते तिथूनच दिसले. आई विड्या वळते. वडील रिक्षा चालवतात. भाऊ टॉवेलच्या कारखान्यात जातो. मी संध्याकाळी वस्तीतल्या दहा-बारा मुलांच्या शिकवण्या घेते. घर आईच्या नावावर आहे. सरकारी योजनेतून दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे मिळाले. उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज आहे. हप्ता भावाच्या पगारातून जातो. माझे आणि आईचे पैसे ज्वारी, किराणा, गॅसची टाकी, विजेचे बिल आणि वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या यांवर जातात. ही वाटणी कोणी बसून केलेली नाही. ती आपोआप झाली आणि सगळ्यांना ती स्वाभाविक वाटते.

पण जरा विचार केला की त्या स्वाभाविकपणातली गोम लक्षात येते. भावाचे पैसे विटेत जातात आणि बहिणीचे पैसे चुलीत जातात. विटेतले पैसे उभे राहतात. बँकेच्या पासबुकात त्यांची ओळ असते. चुलीतले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नाहीत. किराणावाल्याच्या चिठ्ठ्या कोणी जपून ठेवत नाही. वीस वर्षांनी कोणी विचारले की या घरासाठी कोणी काय केले, तर भाऊ पासबुक पुढे करील. बहिणीने आणि आईने काय पुढे करायचे? खरे तर बहिणीने किराणा भरला नसता तर भावाचा पगार किराण्यातच गेला असता आणि हप्ता थकला असता. चूल पेटती ठेवणाऱ्यानेही वीट रचलेली असते. पण ती वीट कोणाला दिसत नाही.

हे केवळ आमच्या घरात आहे असे समजू नका. कोणत्याही मजुराच्या, रिक्षावाल्याच्या, शिपायाच्या घरात डोकावून पाहा. बाईची कमाई खाण्यापिण्यात, पुरुषाची कमाई वस्तूत. आणि म्हणून दहा वर्षांनी पुरुषाजवळ वस्तू असते आणि बाईजवळ ‘मी या घरासाठी किती केले’ हे वाक्य असते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो हे मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम असे सांगते की, अनेकांनी मिळून मालमत्ता घेतली आणि प्रत्येकाने आपापले पैसे घातले, तर उलट करार नसेल तेव्हा ज्याने किमतीचा जेवढा वाटा दिला तेवढा त्याचा हिस्सा. आणि कोणी किती दिले याचा पुरावा नसेल तर सगळ्यांचे हिस्से समान मानायचे. या कलमात ‘किंमत’ मोजली जाते, किराणा मोजला जात नाही. मात्र ‘उलट करार नसेल तेव्हा’ हे शब्द फार मोलाचे आहेत. म्हणजे घरातली माणसे एकत्र बसून ‘आम्हा सगळ्यांचे हिस्से सारखे’ असे लिहून ठेवू शकतात. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आत जायचे की नाही हे आपण ठरवायचे आहे.

दुसरी गोष्ट कर्जाची. आईवडिलांचे वय आणि उत्पन्न कमी पडले की बँक कमावत्या मुलाला सहकर्जदार म्हणून सही करायला सांगते. मुलगा आनंदाने सही करतो आणि आपण घराचे मालक झालो असे धरून चालतो. वास्तविक सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. कर्ज थकले तर बँक त्याच्याकडून सगळी रक्कम मागू शकते. पण घराच्या दस्तात नाव नसेल तर त्या सहीने त्याला एक वीटही मिळत नाही. कर्जात नाव आणि घरात नाही, अशी अवस्था कोणत्याही मुलाची किंवा मुलीची होऊ नये. काही जण याच्या उलट करतात. पैसे मुलाचे असतात, पण काही अडचणीमुळे तो स्वतःसाठीच वडिलांच्या एकट्याच्या नावावर घर घेऊन ठेवतो. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यात पती-पत्नी किंवा मुले यांच्या नावावर घर घ्यायला मोकळीक आहे. पण आईवडिलांच्या किंवा भावाबहिणीच्या बाबतीत दोघांचीही नावे सहमालक म्हणून कागदावर असण्याची अट आहे. म्हणजे कायदासुद्धा सांगतो आहे की, बाबांनो, दोघांची नावे लावा.

आता मृत्यूनंतरचे. हा विषय घरात काढला की ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प बसवतात. तरी तो काढलाच पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मालमत्तेत आईला त्याच्या पत्नी-मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळतो, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आहे. वडील मात्र दुसऱ्या वर्गात आहेत. पत्नी, मुले किंवा आई यांपैकी कोणीही हयात असेल तर वडिलांना काही मिळत नाही. ज्या वडिलांनी रिक्षा ओढून मुलाच्या घराचा पहिला पैसा दिला, त्यांना तो पैसा परत मागायला कायद्यात जागा नाही. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुस्लिम मैत्रिणीच्या घरी वेगळा नियम आहे. तिथे मृताला मुलेबाळे असली तर आई आणि वडील या दोघांनाही प्रत्येकी एक षष्ठांश वाटा ठरलेला असतो. मुलीचा वाटा मात्र मुलाच्या निम्मा. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या कायद्यात पत्नी आणि मुले असतील तर आईवडिलांना काहीच नाही. एकाच वर्गातल्या तीन मुलींच्या आईवडिलांचे भवितव्य असे तीन प्रकारचे आहे.

मुलीने घर घेतले तर काय होते, ते तर ऐकण्यासारखे आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला नवरा व मुले नसतील, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. नारायणीदेवी नावाच्या एका स्त्रीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिचे लग्न १९५५ मध्ये झाले आणि तीन महिन्यांत नवरा वारला. सासरच्यांनी तिला ठेवून घेतले नाही. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये वारली. तिच्या बँकेतल्या ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर तिच्या आईने हक्क सांगितला. २००९ साली न्यायालयाने निकाल दिला की, पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे असल्याने ते कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळतील. ज्या घराने तिला बाहेर काढले त्या घराला तिचे पैसे, आणि ज्या आईने शिकवले तिला काही नाही! न्यायालयाने कायदा वाचला आणि कायद्यात लिहिले होते तेच सांगितले. पण नारायणीदेवीने दोन साक्षीदारांसमोर एक कागद लिहून ठेवला असता तर हे घडले नसते. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, एवढेच.

इथे कोणी म्हणेल की मुलगी परक्याचे धन, तिने आईबापाच्या घराला पैसे लावावेतच कशाला? ‘तुझे पैसे तुझ्या लग्नाला ठेव,’ असे आमच्या वस्तीतल्या मावश्या मलाही सांगतात. आई म्हणते, ‘लेकीच्या पैशावर घर उभं करायचं व्हय गं? लोक काय म्हणतील?’ मला या बोलण्यात माया दिसते, पण न्याय दिसत नाही. लेकीच्या पैशाची ज्वारी चालते. लेकीच्या पैशाची वीट का चालत नाही? आणि जबाबदारीच्या वेळी कायदा मुलगी-मुलगा पाहत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर विवाहितेवर तिच्या वडिलांनी पोटगीचा दावा केला होता. तेव्हा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लग्न झालेल्या मुलीवरही निर्वाहाचे साधन नसलेल्या आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही ‘मुले’ या शब्दात मुलगी आहे. सांभाळायच्या वेळी मुलगी मूल असते, मग नाव लावायच्या वेळी ती पाहुणी कशी होते?

वारशाच्या बाबतीत महाराष्ट्राने तर देशाच्या आधी पाऊल टाकले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आपल्या राज्याने १९९४ मध्ये केली. तोपर्यंत लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये ती देशभर झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही. कागदावर सगळे आहे. पण गावाकडे काय चालते ते आपण सगळे जाणतो. बाप गेला की तेराव्यानंतर हक्कसोड पत्र तयार असते. बहिणींना साडीचोळी होते आणि त्या सही करतात. न केली तर माहेर तुटते. ज्या कायद्याने दिलेला हक्क एका साडीवर जातो, त्या कायद्याच्या भरवशावर मी स्वस्थ बसावे असे मला वाटत नाही. माझे म्हणणे असे की हक्क वारशाने मिळण्याची वाट न पाहता, जिवंतपणीच, आईवडिलांच्या समोर, सगळ्यांच्या संमतीने नावे लागावीत.

याचा अर्थ आईवडिलांचे नाव काढून मुलांचे लावावे असा कोणी घेऊ नये. किंबहुना माझा सगळ्यात मोठा विरोध त्यालाच आहे. सध्या आमच्या नात्यात एक सल्ला जोरात चालू आहे. भावाचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. पाहुण्यांनी आईला सांगितले, ‘घर पोराच्या नावावर करून टाक, म्हातारपणी कटकट नको.’ हे होणे सोपेही आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. तीस वर्षे विड्या वळून मिळालेले घर दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर जाऊ शकते! माझा भाऊ वाईट नाही. तो रात्रपाळी करून हप्ता भरतो आणि आईच्या शब्दाबाहेर नाही. पण भाऊ चांगला आहे म्हणून आईने बेघर होण्याचा धोका पत्करावा, हा युक्तिवाद मला पटत नाही. माणसे चांगली असतात तोवर कागदाची गरज नसते आणि वाईट झाली की कागद करता येत नाही. म्हणून कागद चांगल्या दिवसांत करायचा असतो.

सरकारलाही हे कळले असावे. २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमात अशी तरतूद आहे की, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. यासाठी प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे दाद मागायची असते. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असल्याशिवाय हे कलम लागत नाही असे म्हटले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगून एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले. कायदा आहे ही चांगली गोष्ट. पण ज्या बाईने आयुष्यात कचेरीची पायरी चढलेली नाही, तिने सत्तराव्या वर्षी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज घेऊन प्रांताकडे जावे, यापेक्षा तिचे नाव घरावरून हललेच नसते तर काय वाईट झाले असते?

माझ्या विचारांवर मोठा आक्षेप असा येईल की घरात हिशेब आला की माया गेली. आईच्या दुधाचा हिशेब कोणी मांडतो का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आमच्या आईवडिलांनी आम्हाला शिकवताना वही ठेवली नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या पहिल्या वर्षाची फी विड्यांच्या मजुरीतून गेली. ती मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि विडी खराब म्हणून बाजूला काढली की तेवढी कमी होते. त्या पैशाची परतफेड करायची म्हटले तर कोणत्या भावाने करायची? तेव्हा प्रेमाचे मोल पैशात होत नाही हे मला मान्य आहे.

पण हिशेब नसलेली घरे आपण पाहिली आहेत का? मला तर एकही दिसत नाही. हिशेब सगळीकडे असतो. फक्त तो वहीत नसतो, तोंडात असतो. दिवाळीला, लग्नात, आजारपणात तो बाहेर पडतो. ‘मी एवढे केले, तू काय केलेस?’ वहीतल्या हिशेबात खाडाखोड दिसते. तोंडातल्या हिशेबात प्रत्येक जण आपला आकडा वाढवतो आणि दुसऱ्याचा विसरतो. भावाभावांची डोकी फुटतात ती वहीमुळे नाही, वही नव्हती म्हणून. आणि गंमत अशी की ज्यांच्याजवळ थोडेफार आहे ते सगळे लिहून ठेवतात. गरिबांच्या घरातच ‘आपल्यात कसला हिशेब’ असे म्हणतात, आणि वाटणीत सगळ्यात गरीब माणूस हरतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. मुलीचे नाव लावले आणि उद्या जावई वाटा मागायला आला तर? हा प्रश्न सुनेबद्दल कोणी विचारत नाही, ही गोष्ट सध्या बाजूला ठेवते. पण त्याचेही उत्तर लिहून ठेवण्यातच आहे. आईवडील हयात असेपर्यंत घर विकायचे नाही, त्यांना त्यात राहण्याचा पहिला हक्क, आणि कोणाला आपला हिस्सा सोडायचा असेल तर आधी घरातल्यांना विचारायचे, अशा साध्या अटी एका कागदावर वकिलाकडून लिहून घेता येतात. भीती असेल तर अट घालावी. नावच न लावणे हा भीतीवरचा उपाय नव्हे.

मग करायचे काय? मी कोणी कायदेपंडित नाही. तरी मला जे सुचते ते सांगते. ज्या घरात दोनपेक्षा अधिक माणसे कमावतात तिथे महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात, सगळ्यांनी एकत्र बसावे आणि एका वहीत हप्ता, किराणा, औषध आणि शिक्षण असे चार रकाने करून कोणी काय दिले ते लिहावे. शक्य असेल तर रकाने बदलावेत. सहा महिने भावाने किराणा भरावा आणि बहिणीने हप्त्यात पैसे घालावेत, म्हणजे दोघांचीही पासबुकात ओळ राहील. आई घरात जे राबते तेही त्या वहीत एका ओळीत लिहावे. त्यापुढे आकडा नसला तरी चालेल, पण ओळ पाहिजे. कर्जात ज्याचे नाव त्याचे घरातही नाव असावे. आईवडिलांनी जिवंतपणी घर बक्षीस देऊ नये. द्यायचे ते मृत्युपत्राने द्यावे, आणि त्यात मुलीला विसरू नये. सोसायटीत नामनिर्देशन केले की काम झाले असे समजू नये. नाव लिहिलेला माणूस वारसांचा विश्वस्त असतो, मालक नसतो. आणि कमावत्या मुलींनी, हसू नका, वय कमी असले तरी आपले मृत्युपत्र लिहून ठेवावे. नारायणीदेवीच्या आईवर जी वेळ आली ती आपल्या आईवर येऊ नये.

प्राध्यापकांना एक विनंती आहे. आम्हाला अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्न शिकवले जाते, राज्यशास्त्रात मूलभूत हक्क शिकवले जातात, समाजशास्त्रात संयुक्त कुटुंबाचे विघटन शिकवले जाते. परीक्षेत आम्ही ते लिहितोही. पण घराचा उतारा कसा वाचायचा, सहकर्जदाराच्या सहीचा अर्थ काय, हक्कसोड पत्रावर सही करण्यापूर्वी काय विचारावे, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरात ते सांगणारे कोणी नाही, कारण आम्हीच घरातले पहिले शिकलेले आहोत. कागद वाचून दाखव म्हणून आई आमच्याकडे येते आणि आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षात असूनही अडखळतो. वर्षातून दोन तास या विषयाला दिले तर ते वाया जाणार नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, आपण घरी पैसे देतो तेव्हा त्याला ‘मदत’ म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. मदत बाहेरचा माणूस करतो. घरातला माणूस देतो तो वाटा असतो, आणि वाटा देणाऱ्याला घरात बोलण्याचा अधिकार असतो. तो आईला आहे, वडिलांना आहे, भावाला आहे आणि मलाही आहे. या अधिकारात आईवडिलांचा शब्द शेवटचा असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तो शब्द त्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभे राहून उच्चारता आला पाहिजे. पाहुण्यांनी सुचवलेल्या कागदावर आईने अजून सही केलेली नाही. तिने ती करू नये, आणि नवा कागद झालाच तर त्यात तिच्या नावाखाली आम्हा दोघा भावंडांची नावे यावीत, हे मी घरात सांगितले आहे. भाऊ ‘बघू’ म्हणाला आहे. मी त्याचा पिच्छा सोडणार नाही.